रॉकफिश कोण संपवतंय? सही ठोकण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात रॉकफिश या माशाची विक्री बंद करा असा एक निरोप, सोबत सह्यांचा अर्ज, फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडला. पाठवणारा न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा. वसंत ते पानगळ या माणसाचा शनिवार समुद्रावर गळ टाकण्यात जातो, त्यामुळे विषय त्याच्या जिव्हाळ्याचा. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी न वाचता अंगठे दाखवले, तिघांनी सह्याही केल्या. माझ्या सासूबाईंनी मात्र निरोप शेवटपर्यंत वाचला आणि फ्रीजरमधल्या रॉकफिशच्या तुकड्यांकडे बघून विचारलं, “अगं, हा चोरीचा तर नाही ना?” इथे माझा संयम संपला.

निरोपाचा मजकूर थोडक्यात असा. स्ट्रायप्ड बास, ज्याला आम्ही मेरीलँडवाले रॉकफिश म्हणतो, ही संरक्षित जात आहे. 2007 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली, तरी ती दुकानात राजरोस मिळते. ऐंशीच्या दशकात मच्छीमारांची जाळी बंद केली म्हणून मासा परत आला. आता तेच मच्छीमार पुन्हा त्याच्या मुळावर उठले आहेत. आम्ही हौशी गळवाले मासा पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. म्हणून विक्री कायमची बंद करा, सही करा.

“विक्री बेकायदा आहे.” नाही. 20 ऑक्टोबर 2007 ला जॉर्ज बुश यांनी इथेच मेरीलँडमध्ये, सेंट मायकल्सला येऊन एका आदेशावर सही केली हे खरं. पण तो आदेश संघीय पाण्यात, म्हणजे किनाऱ्यापासून 3 ते 200 सागरी मैलांच्या पट्ट्यात पकडलेल्या माशाच्या विक्रीबद्दल आहे. राज्यांना त्यात फक्त विचार करायला सांगितलंय, हुकूम नाही. आणि त्या पट्ट्यात हा मासा पकडणंच 1990 पासून बंद आहे, मच्छीमारांना आणि दादा, तुलाही! राज्याच्या हद्दीत मॅसॅच्युसेट्स, र्‍होड आयलंड, न्यू यॉर्क, डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया इथे कोटा ठरवून विक्री कायदेशीर आहे. धंद्यासाठी धरलेल्या प्रत्येक माशाच्या तोंडातून कल्ल्यात एक नंबर असलेला प्लास्टिकचा टॅग अडकवावा लागतो. मेरीलँडमध्ये तो ठरलेल्या तपासणी केंद्रावर नेऊन मोजून नोंदवावा लागतो. कोटा संपला की धंदा बंद, आणि कोट्याच्या वर गेलं तर पुढच्या वर्षीच्या वाट्यातून कापून घेतात. सासूबाई, तुकडे निर्धास्त तळा.

“ऐंशीच्या दशकात जाळी बंद केली म्हणून मासा वाचला.” हे तर अर्धं सांगून अर्धं गिळणं झालं. मेरीलँडने 1 जानेवारी 1985 पासून जी बंदी घातली ती सगळ्यांवर होती, जाळंवाल्यांवर आणि गळवाल्यांवरही. हौशी माणसालाही पाच वर्षं एक रॉकफिश घरी नेता येत नव्हता. डेलावेअरनेही त्याच वर्षी बंदी केली, व्हर्जिनियाने 1989 मध्ये. हिशेब साधा होता. 1982 साली जन्मलेली पिढी बऱ्यापैकी मोठी होती, तिच्यातल्या माद्यांना निदान एकदा अंडी घालू द्यायची. 1990 च्या शरद ऋतूत मासेमारी हळूहळू सुरू झाली आणि 1995 मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं. त्या काळात हौशी लोकांनीही गळ गुंडाळून ठेवला म्हणून हे जमलं. त्याच गोष्टीतून आपला वाटा पुसून टाकून ती दुसऱ्यावर आरोप म्हणून फेकायची, याला काय म्हणावं?

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी रात्री साडेअकरा वाजता टाईप करत बसले आहे. “आम्ही सोडून देतो.”

अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा एक संयुक्त आयोग आहे, अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशन. या माशाचे नियम तोच ठरवतो. त्याच्यासाठी 2018 मध्ये साठ्याचं सविस्तर मूल्यांकन झालं. मासा गरजेपेक्षा जास्त मारला जातोय आणि अंडी घालणाऱ्या माद्या कमी पडल्या आहेत, हे त्यातूनच बाहेर आलं. अर्जात “शास्त्रज्ञ सांगतात” म्हणून ज्याचा दाखला दिलाय तो निष्कर्षही हाच. म्हणजे मूल्यांकन अर्जवाल्यांना मान्य आहे. मग पुढचं पानही वाचायला हवं होतं. 2017 या एका वर्षात माणसाच्या हातून मेलेल्या सुमारे 70 लाख माशांची विभागणी त्यात दिली आहे. व्यावसायिक मच्छीमारांनी धरलेले: 8 टक्के. त्यांनी परत फेकलेल्यांपैकी मेलेले: 2 टक्के. हौशी गळवाल्यांनी घरी नेलेले: 42 टक्के. आणि हौशी गळवाल्यांनी सोडून दिलेले, पण नंतर मेलेले: 48 टक्के.

48! सगळ्यात मोठा आकडा सोडून दिलेल्या माशांचा आहे. जो मासा तू ‘वाचवलास’, दादा, त्याचा.

हे कसं, ते बघा. त्या एका वर्षात हौशी लोकांनी अंदाजे 3 कोटी 80 लाख मासे सोडले. सोडलेल्या शंभरांतले नऊ मरतात असं धरून हा हिशेब केला जातो. हा नऊचा आकडा काही हवेतून आलेला नाही, मॅसॅच्युसेट्समधल्या प्रयोगावरून, 1996 च्या शोधनिबंधातून घेतलेला आहे. 3 कोटी 80 लाखांचे 9 टक्के म्हणजे 34 लाख. त्याच वर्षी सगळ्या राज्यांतल्या मच्छीमारांनी मिळून धरलेले मासे होते सुमारे 6 लाख. म्हणजे जाळंवाल्यांनी विकलेल्या प्रत्येक माशामागे पाच-सहा मासे ‘सोडून दिल्याने’ मेले. शंभरात नऊ हे ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणूनच प्रत्येकाला वाटतं की मेलेले ते दुसऱ्या कोणाचे.

दादाबरोबर मी स्वतः बोटीवर गेले आहे, त्यामुळे सोडून देणं म्हणजे काय ते पाहिलंय. मासा दहा मिनिटं दोरीवर झुंजतो. मग त्याला वर घेतात, कोरड्या टॉवेलात धरतात, की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर, जो त्याला रोगांपासून वाचवतो, टॉवेललाच लागून येतो. गळ गिळलेला असेल तर पक्कड घालून ओढाओढ. मग फोन कुठाय, फोन सापडला, उलटा धरलास, आता हस. तोवर मासा कल्ले उघडझाप करत हवेत. पाण्यात टाकला की शेपटीचा एक फटकारा मारून खाली जातो आणि बोटीवर टाळ्या पडतात. पुढे तासाभरात किंवा दुसऱ्या दिवशी त्याचं काय होतं ते बघायला कोणी थांबत नाही.

आणि नऊ ही सरासरी आहे. थंड, खाऱ्या पाण्यात, ओठात अडकलेल्या गळाने मासा बहुधा जगतो. मेरीलँडच्या चेसापीक उपसागराच्या कमी खाऱ्या पाण्यात, जुलैच्या उकाड्यात, आमिषासकट पोटात गेलेल्या गळाने जगण्याची शक्यता पार खाली येते. उन्हाळ्यात या उपसागरात वरचं पाणी तापलेलं असतं आणि खालच्या पाण्यात प्राणवायू उरत नाही. मासा आधीच दोन्हींच्या मध्ये कोंडलेला, त्यात आपली झटापट. म्हणून तर राज्याचं खातं उन्हाळ्यात हिरवा, पिवळा, लाल असा रोजचा इशारा देतं. लाल म्हणजे आज या माशाच्या वाटेला जाऊ नका. 2021 मध्ये मेरीलँडने जुलैचा दुसरा पंधरवडाच बंद केला, आणि आमिष लावणार असाल तर किनारपट्टीभर गोल गळाची सक्ती झाली, कारण तो घशात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात बसतो. ही सगळी उठाठेव कोणासाठी? जाळंवाल्यांसाठी नव्हे. अर्जाच्या तीन पानांत याबद्दल अवाक्षर नाही.

आणखी एक. 2023 पर्यंत मेरीलँडमध्ये वसंतात खास ‘ट्रॉफी’ हंगाम असायचा. 35 इंचांहून मोठे मासे, म्हणजे बहुतेक माद्या, अंडी घालून समुद्राकडे परतत असताना गळाने टिपायच्या. तो हंगाम हौशी लोकांचाच होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

“न्यू जर्सीने विक्री बंद केली, तिथे बघा किती मासे.” दादाचा हा आवडता मुद्दा. न्यू जर्सीत हा मासा विकता येत नाही, बरोबर. पण विक्रीचा तो कोटा समुद्रात राहिला का? नाही. तो ‘बोनस प्रोग्रॅम’ म्हणून हौशी गळवाल्यांनाच जास्तीचा मासा नेण्यासाठी वाटून दिला. दादाकडे त्याचा परवानाही आहे, त्याला मी विचारलं तर म्हणाला, “ते वेगळं.” काय वेगळं? मासा तोच, मेला तो मेलाच. शिवाय हा मासा राज्याची सीमा बघून पोहत नाही. बहुतेकांचा जन्म चेसापीकमध्ये, उन्हाळा न्यू इंग्लंडमध्ये. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर वसंतात आणि शरदात जी झुंबड दिसते ती वाटेवरची वर्दळ आहे.

“जाळ्यात लहानमोठं काहीही सापडतं, गळ निवडून मारतो.” जाळ्यांचं काही अंशी खरं. पण मॅसॅच्युसेट्समध्ये व्यावसायिक मासेमारीही गळानेच करावी लागते, जाळं चालतच नाही. अर्जावर जाळ्यात गुंतलेल्या माशाचा मोठा फोटो आहे, एवढंच त्याचं उत्तर.

“जिवंत मासा पर्यटनातून जास्त पैसा देतो.” देत असेल. बोटी, हॉटेलं, आमिषाची दुकानं यांची उलाढाल मोठी आहे, कोण नाही म्हणतंय? पण पैसा जास्त येतो म्हणून मासा कमी मरतो, असं गणित कुठे शिकवतात ते मला माहीत नाही.

आता जे कबूल करायला हवं ते कबूल करते, जिवावर आलं तरी. जाळंवाले धुतल्या तांदळासारखे नाहीत. सत्तरच्या दशकात मासा ओरबाडण्यात त्यांचा हात मोठा होता. फेब्रुवारी 2011 मध्ये इथेच केंट आयलंडजवळ हंगाम उघडण्याआधी चोरून लावलेली जाळी सापडली, त्यांत 10 टनांच्या आसपास रॉकफिश. खटले झाले, लोक तुरुंगात गेले. किनारपट्टीभर टॅगची सक्ती आली ती त्यानंतर, 2012 मध्ये. आणि हेही सांगते, कारण अर्जवाल्यांना ते सुचलेलं दिसत नाही: 2020 साठी सगळ्यांनी 18 टक्के कपात करायची ठरली, तेव्हा मेरीलँडने हिशेब असा बसवला की व्यावसायिक कोटा 2 टक्क्यांच्या आतच कापला गेला आणि उरलेला भार हौशी लोकांवर पडला. यावर चिडायचा गळवाल्यांना पूर्ण हक्क आहे. त्यावर अर्ज काढा, मी वाचीन. पण 10 टक्क्यांना खलनायक करून 90 टक्क्यांनी हात झटकायचे, हे चालणार नाही.

राहिली पिल्लं. मेरीलँडचं खातं 1954 पासून दर उन्हाळ्यात चेसापीकच्या काठाकाठाने ओढजाळं ओढून त्या वर्षीची पिल्लं मोजतं. दीर्घकाळाची सरासरी एका ओढीला 11 च्या आसपास. 2019 पासून हा आकडा सतत खूप खाली आहे आणि 2023 मध्ये तर 1 वर आला. उबदार हिवाळे आणि नद्यांना वसंतात कमी पाणी, ही त्याची मुख्य कारणं मानली जातात. इवल्या पिल्लांचं खाद्य आणि त्यांचा जन्म यांची वेळच जुळत नाही. उद्या सगळी विक्री बंद केली तरी या आकड्यात फरक पडणार नाही. उलट नवी पिढी येत नसताना असलेल्या माद्या जपणं एवढंच आपल्या हातात उरतं, आणि त्या मरतात कुठे ते वर लिहिलंच आहे.

तेव्हा दादा, माझी सही त्या अर्जावर मिळणार नाही. भर उन्हाळ्यात सगळ्यांनाच, सोडून देणाऱ्यांनाही, या माशामागे जायला बंदी करा असा अर्ज तुझ्या क्लबाने काढला तर पाठव, मी त्याच दिवशी सही करते. आणि तोवर निदान तो कोरडा टॉवेल बोटीवरून खाली उतरव.