चूक नेमकी कोणाची?
डीएनएची नक्कल होताना होणाऱ्या चुकांवरचा तुमचा लेख छान, पण ‘अक्षरांची चुकीची जोडी दिसली की पेशी ती दुरुस्त करते’ एवढ्यावरच भागवलंत! डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी; ए ची जोडी टी शी, जी ची सी शी. नक्कल करताना जुन्या साखळीतल्या ‘जी’ या अक्षरासमोर नव्या साखळीत चुकून ‘टी’ बसला, तर बदलायचा कोणता? दोघंही दिसायला अस्सलच. ई. कोलाय जिवाणूत जुन्या साखळीवर जीएटीसी या क्रमातल्या ए ला मेथिल या छोट्या रासायनिक गटाची खूण असते. नव्या साखळीवर ती लागायला जरा वेळ जातो. तेवढ्यात म्युट-एस नावाचं प्रथिन चूक हेरतं, म्युट-एल हे दुसरं प्रथिन मदतीला येतं आणि म्युट-एच हे तिसरं बिनखुणेची, म्हणजे नवी साखळी कापतं. पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी. आपल्या पेशींत म्युट-एच नाहीच, तिथे नव्या साखळीतल्या फटींवरून ओळख पटते. आणि लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा साधा उल्लेखही नाही? त्यात या दुरुस्तीचं जनुक बिघडलेलं असतं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कित्येकांना पन्नाशीच्या आतच गाठतो.