पाटी झाकून कान उघडताना

बेळगावात अँप्लिफायरची ब्लाइंड टेस्ट, म्हणजे नावं झाकून नुसत्या आवाजावर पारख करायची परीक्षा, ठेवायची म्हणता? ठेवा की! ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठल्या भाषेचं अक्षर किती मोठं, यावरून मोर्चे निघतात, तिथं पाटी झाकून निकाल लावायचा म्हणजे धाडसच. फक्त निकाल काय लावायचा ते आधी ठरवा. पुढचं सगळं सोपं जातं.

समजा, तुमचा व्हॉल्व्हवाला (जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळ्यांचा) अँप जिंकायला हवा. मग आवाजाची पातळी अजिबात जुळवू नका. जाणकार म्हणतात, स्पीकरच्या टोकांना व्होल्टमीटर लावून दोन्ही अँप ०.१ डेसिबलच्या आत आणावेत. म्हणू देत. समोरच्याचा २ व्होल्टवर ठेवा, आपला २.२४ वर. झाला एक डेसिबलचा फरक. एवढ्याशा फरकाला ऐकणारा ‘आवाज मोठा आहे’ असं म्हणत नाही. डोळे मिटून ‘काय खुलतोय हो षड्ज!’ म्हणतो.

वायरी बदलायला आपलाच माणूस उभा करा. कुठला अँप चालू आहे हे त्यालाही कळू नये, असा नियम आहे खरा. पण दारात येणारा नंदीबैल आठवा. त्याला काय कळतं हो? मालकाची गुबुगुबु वाजली की मान हलते. आपला माणूस नुसता खाकरला तरी पुरे.

नावं झाकल्यावर उरतात अक्षरं, आणि तिथंच पहिलं भांडण. एकाला अ म्हणालात तर दुसरा विचारणार, ‘आमचा ब दर्जाचा काय?’ शिवाय ऐकवायचं काय, यासाठी पाऊण तास वेगळा काढा. कुमार गंधर्व सुळेभावीचे, आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून एक गट खूश; दुसरा लगेच धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव काढतो. मग मराठी अभंग की कन्नड वचन? शेवटी शब्दच नकोत म्हणून तबला लावतात. (खरं तर ज्याला जे गाणं पाठ आहे, त्याला तेच ऐकवावं, बारीक फरक तिथंच पकडता येतो. पण इतकं सरळ कोण वागतंय?)

आता आकडे. कुठला अँप वाजतोय ते सोळा वेळा ओळखायला लावून निदान बारा उत्तरं बरोबर आली तरच कान मानायचे, अशी रीत आहे. तुम्ही पाचच वेळा ऐकवा, पण दहा जणांना. नुसतं नाणं उडवलं तरी त्यांतल्या साधारण दोघांची चार किंवा पाच उत्तरं बरोबर येतात. त्या दोघांना ‘सोन्याचे कान’ म्हणून शाल द्या. उरलेल्या आठांना चहा.

उलट, फरकच नाही असं दाखवायचंय? मग जेवणं झाल्यावर बसवा, खिडकीखाली रिक्षा स्टँड असू द्या. कुणालाच ओळखता आलं नाही की ‘फरक नाही’ असं जाहीर करा. ‘आम्हाला सापडला नाही’ आणि ‘नाहीच’ यांतलं अंतर मोजायला कुणी टेप घेऊन येत नाही.

निकाल उलटा लागला तरी डगमगू नका. २००७ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या ऑडिओवेड्या मंडळींनी हाय-रिझोल्यूशन (सीडीपेक्षा बारीक नोंदीची) डिस्क आणि तिचाच सीडीच्या दर्जावर आणलेला आवाज ५५४ वेळा ताडून पाहायला लावला. २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे छापा-काटाच. लगेच आक्षेप आला की त्यांतल्या काही डिस्क मुळात अस्सल हाय-रिझोल्यूशन नव्हत्याच. आक्षेप बिनबुडाचा नव्हता, पण निकाल लागल्यावरच सुचला.

आणि आपल्याला कोण शिकवणार! सीमावादासाठी महाजन आयोग हवा म्हणून हट्ट धरला आपण, महाराष्ट्रानं. १९६७ साली अहवाल आल्यावर नाकारलाही आपणच. पलीकडच्यांना तोच अहवाल वेदवाक्य. निकाल उलटा असता तर वेदवाक्य इकडे आलं असतं. (मी कुठल्या बाजूचा ते विचारू नका, माझ्याही दारावर पाटी आहे.) सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तेव्हा तुमच्या अँपच्या निकालाची घाई कशाला? केबल उसनी होती, खोली घुमत होती, मास्तरांना सर्दी झाली होती, असं काहीही लिहून फेरपरीक्षा मागा.

आणि जाता जाता कुंदा वाटायला विसरू नका. एकाच कढईतला आणा, पण डबे दोन करा: एकावर ‘बेळगाव’ लिहा, दुसऱ्यावर ‘बेळगावी’. कुठला जास्त खरपूस, यावर रात्री अकरापर्यंत कुणी उठणार नाही.