आधी पाणी द्या, दोषी कोण ते सावकाश ठरवा

विहिरीचं पाणी बिघडलंय हे सगळ्यात आधी घरातल्या बायकांना कळतं. डाळ शिजेना, चहाला भलतीच चव यायला लागली, बादलीच्या कडेला पिवळट कड धरायला लागली. आमच्या शेजारच्या काकी महिनाभर ओरडत होत्या. घरातले म्हणायचे, "काकी, विहिरीचं पाणी हाय, वास येणारच की." एका उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्याच विहिरींना आणि बोअरना तो वास लागला, तेव्हा कुठं पुरुष माणसं जागी झाली.

गावाचं नाव लिहीत नाही. कारखान्याचंही नाही, कारण अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. शिवाय नाव लिहिलं तर गुंठ्याचा दर पडेल म्हणून आमचेच लोक माझ्या दारात भांडायला येतील. एमआयडीसीच्या कुंपणाला लागून ज्यांची घरं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

तक्रार दिली की पहिलं उत्तर ठरलेलं: टीसीएल टाका, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती. त्यामुळं दूषित पाणी म्हटलं की यंत्रणेला जंतूच आठवतात, आणि ते चूक नाही. पण रसायनाला टीसीएल काय करणार? उकळून प्या म्हणतात. उकळल्यावर जंतू मरतात. नायट्रेट, शिसं, क्रोमियम तिथंच राहतं. उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं.

कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचं, धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यांचं गाव. साच्यातला आतला भाग, म्हणजे कोअर, बनवायला वाळूत रेझिन, म्हणजे चिकट रसायन, घालतात. वापरून झालेली वाळू बऱ्याचदा खड्डे बुजवायला, प्लॉटच्या भरावाला जाते. रेझिन फिनॉल नावाच्या उग्र वासाच्या रसायनाचं असेल तर पावसाबरोबर ते खाली झिरपू शकतं. आमच्या पाण्यात तेच आहे असं मी म्हणत नाही, कारण कुणी तपासलेलंच नाही. पण फिनॉल असलेल्या पाण्यात क्लोरीन पडलं की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि वास आणखी उग्र होतो. टीसीएल टाकल्यापासून वास वाढलाय, हे आमच्याकडच्या बायका साहेबांना घसा फोडून सांगत होत्या. साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं. एवढ्यावरून तरी फिनॉल बघायला हवं होतं की नको? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, फिनॉलची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत फक्त १ मिलिग्रॅम.

त्याऐवजी रिपोर्ट आला "पिण्यास योग्य". पीएच, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड आणि जंतू, एवढंच तपासलेलं. जे शोधलंच नाही ते सापडेल कसं? नमुना नेला तोही थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीतून. जड धातू बघायचे तर स्वच्छ बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून नमुना टिकवावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो आणि आकडा कमी येतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि न्यायला आलेल्या पोरालाही माहीत नसावं.

बरं, सगळ्या विहिरी सारख्याही बिघडत नाहीत. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतनं आणि वरच्या मुरमातनं फिरतं. माझ्या बोअरला वास, आणि बांधापलीकडं स्वच्छ पाणी, असं होऊ शकतं. मग लगेच, "ह्यांचीच काहीतरी भानगड असंल" म्हणून विषय मिटतो. एका विहिरीचा नमुना घेऊन सगळ्या वस्तीचा निकाल लावणं म्हणूनच मला पटत नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं, "विहीर खासगी आहे, तुमची तुम्ही बघा." विहीर माझी, हे मान्य. आत उतरलेलं रसायन माझं नाही! १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात जमिनीखालचं पाणीसुद्धा धरलेलं आहे, आणि विहिरीत किंवा जमिनीवर घाण सोडायला मनाई आहे. विहिरीच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, हा प्रश्नच येत नाही.

दुसरं उत्तर असतं, "कुणामुळं झालं ते आधी सिद्ध करा." उदयपूरजवळच्या बिछडी गावाचं काय झालं ते बघा. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथं रंगासाठी लागणारं एच-ॲसिड बनवणारे कारखाने आले. त्यांचा गाळ उघड्यावर पडला आणि ३५० हेक्टरांतल्या सुमारे ६० विहिरी निकामी झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये निकाल दिला: ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच भरायचं, काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. निकाल उत्तम. पण साफसफाईच्या ३७ कोटींवरच्या रकमेसाठी २०११ मध्येसुद्धा तेच न्यायालय व्याजासकट वसुलीचा आदेश देत होतं. वीस वर्षं. तोवर माणसानं काय प्यायचं?

म्हणून म्हणतो, दोषी शोधायचं काम चालू दे, पण पाणी त्या निकालाला बांधू नका. आज टँकर, आणि त्याच्या मागोमाग सार्वजनिक योजनेची नळजोडणी. जलजीवन मिशन २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरची भाषा करतंय. कोल्हापूर शहरानं पंचगंगेला कंटाळून काळम्मावाडीची थेट पाइपलाइन मागितली, किती वर्षं आंदोलनं केली, आणि २०२३ च्या दिवाळीला ते पाणी शहरात आलं. हद्दीबाहेरच्या आम्हाला मात्र हद्दवाढीच्या भांडणातच पाण्याचं उत्तर शोधायला लावतात.

घरचा आरओ हा काही उपाय नाही. क्षार, धातू तो बऱ्यापैकी अडवतो, पण फिनॉलसारखे छोटे सेंद्रिय रेणू त्यातनं काही प्रमाणात निसटतात. आणि फिल्टर, मेम्ब्रेन बदलायचा खर्च कुणाच्या खिशातनं? ज्याची विहीर बिघडली त्याच्याच.

कारखाने बंद करा असं माझं म्हणणं नाही. एक मामा म्हणाले, "पाण्यासाठी भांडायचं आन् पोराचा पगार घालवायचा, जमतंय व्हय?" त्यांचा पोरगा तिथंच कामाला आहे, मी काय बोलणार त्यांना. पण पाणी मागायला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, हेच मी त्यांना सांगितलं. भरपाईचं बोलायचं असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे; भरपाईच्या अर्जाला ५ वर्षांची मुदत असते, इतर वादांना फक्त ६ महिने. त्यामुळं वास कधीपासून येतोय त्याची तारीख लिहून ठेवा, अर्जाची पोच घ्या.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय: बाधित घरांना टँकर आणि नळजोडणी, सगळ्या विहिरींची तपासणी फिनॉल आणि जड धातूंसकट, आणि विहीरवार आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर. मसुदा माझ्याकडं तयार आहे. ज्यांच्याकडं जुने रिपोर्ट आहेत त्यांनी झेरॉक्स आणा, आणि घरातल्या बायकांना घेऊन या. मागच्या वेळी सभेत सगळे पुरुषच होते.