कुत्र्याचं नाक आणि आपलं

काल संध्याकाळी कट्ट्यावर वाद पेटला तो एका कुत्र्यावरून. ते आलं, विजेच्या खांबाचा बुंधा चारी बाजूंनी मन लावून हुंगला आणि निघून गेलं. अण्णा म्हणाले, "बघा, कोण आलं, कोण गेलं, सगळं कळलं त्याला. आपलं नाक म्हणजे असून नसल्यासारखं."

मला हे वाक्य सहन होत नाही. म्हटलं, "अण्णा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लहानपणापासून ऐकतोय."

गोम तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पाहिलं, की माणसाच्या मेंदूतला वासाचा भाग बाकी मेंदूच्या मानाने अगदी छोटा आहे. त्यावरून माणसाला वासात कच्चं ठरवलं गेलं. नाकाची परीक्षा कुणी घेतलीच नाही! २०१७ साली मेंदूशास्त्रज्ञ जॉन मॅकगन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हा समज खोडून काढला. तो भाग छोटा दिसतो, कारण बाकीचा मेंदू वाढलाय. तो स्वतः आक्रसलेला नाही.

मास्तर आकड्यांशिवाय बोलत नाहीत. "उंदराकडे वास ओळखणारी हजाराच्या वर जनुकं चालू आहेत, आपल्याकडे ४००च्या आसपास. त्याचं काय?"

आकडा खराच आहे. ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या जनुकांपासून नाकात वास टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) बनतात. पण एक वास एकाच ग्राहकाला जागवत नाही, अनेकांना कमी-जास्त जागवतो. मुळाक्षरं मोजकी असली तरी शब्द किती होतात! माग काढण्यात कुत्रा आपल्या पुढे आहे, हे मी कबूल केलं. पण काही ठरावीक वासांत माणसाचं नाक उंदरापेक्षा तिखट ठरलंय, हेही सांगितलं.

आणि माग काढणंसुद्धा आपल्याला अगदीच जमत नाही असं नाही. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात हा प्रयोग झाला. गवतावर चॉकलेटच्या अर्काचा दहा मीटरचा माग टाकला. माणसांचे डोळे बांधले, कान झाकले, हातात जाड मोजे घातले आणि ओणवं होऊन हुंगत जायला सांगितलं. ३२ जणांपैकी दोन तृतीयांश लोकांना तो माग काढता आला. चालही कुत्र्यासारखीच, मागाच्या या बाजूला एकदा, त्या बाजूला एकदा. सरावाने वेग वाढला. एक नाकपुडी बंद केली की मात्र गडबडायला लागले. म्हणजे दोन नाकपुड्यांचा हिशेब मेंदू वेगवेगळा ठेवतो.

"तरी वासाला शब्द कुठे आहेत?" अण्णांनी शेवटचा किल्ला लढवला. मी म्हटलं, कुबट, खवट, करपट, आंबूस, दर्प, दरवळ, घमघमाट! शब्द ढीगभर आहेत, आपण वापरत नाही. मलय द्वीपकल्पातले जाहाय लोक तर रंगांची नावं सांगावीत तितक्या सहज वासांची नावं सांगतात.

इतका वेळ ताई गप्प होत्या. दोन वर्षांपूर्वी तापानंतर त्यांना वास येणंच बंद झालं. त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात उभी होते, शेगडीचं बटण अर्धवट राहिलेलं. मुलगी बाहेरच्या खोलीतून धावत आली, तेव्हा कळलं." गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टनसारखं उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि त्याचा इतका थोडा अंश नाकाला पुरतो की सगळी व्यवस्थाच त्या भरवशावर उभी आहे. असून नसल्यासारखं म्हणणाऱ्याने ताईंना विचारावं. "पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच," त्या म्हणाल्या. "लेकीच्या केसांना वासच येईना."

नाकातल्या वासाच्या पेशी मेल्या तरी नव्या उगवत राहतात. म्हणून डॉक्टरांनी त्यांना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोनदा हुंगायला सांगितलंय, घाई न करता, तो वास आठवत.

"काही फरक?" अण्णांनी हळूच विचारलं.

"गेल्या आठवड्यापासून लवंगेच्या जागी काहीतरी लागतंय. जळकं, धुरासारखं."

मास्तर म्हणाले, "वास परतताना आधी असाच वेडावाकडा येतो पुष्कळदा. सोडू नका."

ताईंनी पिशवीतून लवंगेची बाटली काढली आणि झाकण उघडून अण्णांपुढे धरली. "तुम्ही सांगा, मूळचा कसा असतो?"

अण्णांनी डोळे मिटले.