ज्या बाकावर बसलो नाही, त्याचा निरोप घेताना

जानेवारी कलला की खानदेशातल्या तालुक्याच्या गावांत ज्युनियर कॉलेजांचे निरोप समारंभ सुरू होतात. फेब्रुवारीत बोर्ड, त्याच्या आगेमागे प्रॅक्टिकल, आणि त्या धांदलीत एक दिवस रडून घ्यायचं असतं. तुम्ही कला शाखेचे असाल तर पुढचं वाचू नका, तुम्हाला रडायला कोणी शिकवायची गरज नाही. पंचाईत विज्ञानवाल्यांची आहे.

तुमची पहिली अडचण कॉलेज सापडण्याची. गेली दोन वर्षं तुम्ही लातूरला होतात, कोटाला होतात, गेला बाजार जळगावच्या एखाद्या क्लासच्या होस्टेलवर होतात. कॉलेजात नाव तेवढं होतं. तेव्हा एसटी स्टँडवर उतरून कोणाला तरी रस्ता विचारावा लागला तर लाजू नका. फाटकाशी शिपाईनाना अडवतील आणि अहिराणीत म्हणतील, "तू आठे शिकस का रे भाऊ?" नजर न चुकवता सांगायचं, "हाव नाना, बारावीले शे." त्यांचा विश्वास बसणार नाही, पण ब्लेझर बघून सोडतील. ब्लेझर भाड्याचा असला तरी चालतो, फक्त आतल्या बाजूचं दुकानाचं लेबल सेल्फीत येऊ देऊ नका.

आत गेल्यावर ऑफिसच्या भिंतीवर बोट टेकवायचं एक यंत्र दिसलं, तर त्याला मनोमन नमस्कार करा. क्लास आणि कॉलेज यांच्या संगनमताला आळा बसावा म्हणून शासनानं २०१८ साली विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी लावायचं फर्मान काढलं, त्यातलं ते. तुमची त्याची भेट ठरली होती, योग आला नाही. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, ती तुमची भरलेली आहे. कशी, हे आज विचारू नये. मंगल प्रसंग आहे.

सरांना तुमचा राग येत असेल अशी शंकाही मनात आणू नका. पटावर तुमचं नाव होतं म्हणून तुकडी टिकली, तुकडी टिकली म्हणून कोणी सर अतिरिक्त ठरले नाहीत. तुम्ही न येऊन त्यांच्या घरची चूल पेटती ठेवलीत. हा गुरुदक्षिणेचा प्रकार एकलव्यालाही सुचला नव्हता.

आता मनोगत. बोलायला तुम्हालाच उभं करतील, कारण क्लासच्या टेस्टमध्ये तुम्हाला मार्क चांगले पडतात आणि तुमचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागायची शक्यता आहे. सुरुवात "सन्माननीय व्यासपीठ" इथून करा आणि लगेच साने गुरुजींवर या. खानदेशात याला पर्याय नाही. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयात मुलांजवळ राहत, त्यांची अंथरुणं आवरत, त्यांच्यासाठी हातानं लिहून दैनिक काढत. हे सांगताना आवाज जरा ओला करायचा. तुमच्या होस्टेलचा वॉर्डन रात्री दहाला मोबाइल जमा करून घ्यायचा, हे मात्र त्याच वाक्यात घालू नका.

त्यानंतर सरांचे आभार. इथं मोठा धोका आहे. स्टाफमध्ये पाटील आणि चौधरी इतके असतात की सर ओळखायचे ते इंग्रजी आद्याक्षरांनी. एस. आर. सर फिजिक्सचे की आर. एस. सर, हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. म्हणून "आमचे लाडके पाटील सर" एवढंच म्हणा आणि थोडं थांबा. व्यासपीठावरची निम्मी खुर्ची-मंडळी एकदम मान डोलावतील, त्यातला कोणी तरी तुमचा असेलच.

खरी कसोटी आठवणींची. त्या तुमच्याकडे नाहीत, तेव्हा उसन्या घ्याव्या लागतील. प्रॅक्टिकलला आलात तेव्हाच्या दोन-चार आहेत: परीक्षानळी फुटली, जर्नल दुसऱ्याचं उतरवताना त्याचं नावही उतरलं, तीसपैकी अठ्ठावीस पडले. याला शालेय जीवन म्हणता येईल, पण एवढ्यावर माइक सोडावा लागेल. सहलीचा आधार घ्या. अकरावीची सहल चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेली होती, तुम्ही नव्हता, पण ग्रुपवर फोटो आले होते. तिथं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. एका मोठ्या माणसाच्या नावाने चालणारा गणिताचा खास क्लास आठशे वर्षांपूर्वीच आपल्या भागात निघाला होता, टाय-अप करायला ज्युनियर कॉलेज तेवढं मिळालं नव्हतं. हे बोललात तर टाळ्या पडतील. निदान इतिहासाच्या मॅडम तरी वाजवतील.

बापाची आठवण मात्र सांगायला जाऊ नका. भाव वाढेल म्हणून त्यानं कापूस घरातच ठेवला होता, खोलीत छतापर्यंत, आणि झोपायला सगळे ओट्यावर. मग क्लासचा दुसरा हप्ता आला आणि तो कापूस आहे त्या भावात गाडीत भरला गेला. कॉलेजची फी त्या मानानं चिल्लर होती. असली आठवण खरी असते आणि खऱ्या आठवणीनं समारंभाची लय बिघडते. शिवाय बाप तिथं नसतोच, तो केळीला पाणी द्यायला गेलेला असतो.

फिशपाँडला, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत शेलापागोट्यांना, घाबरू नका. चिठ्ठ्यांच्या डब्यातून तुमच्या नावाने बहुधा असं काही निघेल:

"पटावर शे, बाकवर नही,
पोऱ्या कोठे? कोटाले भाई!"

हसायचं. मोठ्यानं हसायचं. ही चिठ्ठी कोणी लिहिली याचा शोध घेऊ नका. ती कला शाखेतून आलेली असते. त्या वर्गात रोज शिकवणं होतं आणि रोज पोरं असतात. पडदे त्यांनीच बांधलेले असतात, रांगोळी त्यांचीच, खुर्च्या त्यांनीच शेजारच्या मंगल कार्यालयातून डोक्यावर आणलेल्या. त्यांच्यातली एखादी मुलगी दोन वर्षं रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं आली, अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर. कंडक्टरशी भांडली, पावसाळ्यात पुलावर पाणी आलं की स्टँडवरच पुस्तक उघडून बसली. तिला कॉलेजची कुठली पायरी तुटकी आहे हे ठाऊक आहे, कुठल्या तासाला कोणते सर पान खाऊन येतात तेही ठाऊक आहे. म्हणूनच तिला माइक देऊ नये. ती बोलायला लागली तर पाहुण्यांच्या भाषणाला वेळ उरायचा नाही, आणि पाहुणे स्वतः क्लासचे संचालक असण्याची दाट शक्यता आहे. सूत्रसंचालक "वेळेअभावी" हा शब्द वापरेल. तो शब्द फक्त कला शाखेच्या वाट्याला येतो, हे माझं निरीक्षण आहे.

बॅचकडून कॉलेजला भेट द्यायची रीत आहे. घड्याळं देऊ नका, ती आधीच पाच भिंतींवर पाच वेळा दाखवत आहेत. सागवानी बाक द्या. त्यावर पितळी पट्टी, "बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट." विज्ञानच्या वर्गात बाकांची टंचाई कधीच नव्हती, पण भेट वापरायलाच हवी असा कुठं नियम आहे? पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या बाकावर न बसण्याची सोय होईल.

जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी असते. इथं अभिनय करू नका, दोन वर्षं मेसचं पनीर खाल्लेल्या माणसानं बट्टीवर तूप पडताना जे करावं ते आपोआप होतं. रडायचं राहिलं असेल तर याच वेळी उरकून घ्या. पंगतीत ठसका लागल्यासारखं दिसतं, आणि फोटोत आभाराच्या भाषणापेक्षा खरं येतं. रील टाकताना गाणं जरा हळवं निवडा, खाली "मिस यू कॉलेज" लिहा. कमेंटमध्ये कोणी "कोणतं कॉलेज?" असं विचारलं तर तो तुमच्याच वर्गातला समजा.

निकालानंतर दाखला घ्यायला तुम्हाला एकदा पुन्हा यावं लागेल. क्लार्क भाऊसाहेब रजिस्टरमधून मान वर करून तुमच्याकडे बघतील, मग फोटोकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात "पुढील शिक्षणासाठी" असं ते स्वतःच लिहितील. वर्तणुकीच्या रकान्यात "चांगली" येईल, कारण दोन वर्षांत तुमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. सही-शिक्का तपासून घ्या आणि स्टँडवर जायच्या आधी समोरच्या दुकानात झेरॉक्स काढा, जुलैत तिथं रांग लागते.