काढ्याने पायाची बंद धमनी उघडत नाही

'पाय काळा पडला तरी कापू देऊ नका' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध यांचा काढा रोज घ्या, गरम तेलाने पाय चोळा, शेक द्या, रात्री पाय उशीवर ठेवा, म्हणजे नसा मोकळ्या होतील. शेवटी नेहमीचा टोमणा: अँजिओप्लास्टी (नळी घालून अरुंद धमनी आतून रुंद करणं) हा डॉक्टरांचा धंदा, एकदा हात लावू दिला की पाय गेलाच. पाय वाचवायची धडपड योग्यच आहे. पण यातल्या उपायांत जे दिवस जातात, त्यांतच पाय हातचा जातो.

काढ्याचं आधी. धमनीतला अडथळा म्हणजे नळाच्या पाइपात अडकलेला गाळ नव्हे. चरबी, कॅल्शियम आणि तंतूंचा थर वर्षानुवर्षं धमनीच्या भिंतीतच वाढत गेलेला असतो. व्हिनेगर पोटात पचतं, त्या थराला विरघळवत नाही. लसूण भाजीत खुशाल घाला. पण स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करून काढा पिऊ नका.

गरम तेल आणि शेक हा सगळ्यात घातक सल्ला. मधुमेहात अनेकदा पायाची संवेदना गेलेली असते. तेल किती तापलंय, पिशवीतलं पाणी किती कढत आहे, हे पायाला कळत नाही. सकाळी फोड दिसतो. रक्तच पोचत नसल्याने तो भरत नाही, चिघळतो, आणि बोटापुरतं असलेलं दुखणं वर सरकतं. शिवाय ऊब मिळाली की पेशींना ऑक्सिजन जास्त लागतो, आणि इथे तर त्याचीच टंचाई.

पाय उंच ठेवणं हा उपाय व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे फुगलेल्या शिरांचा. तिथे रक्त वर परतायला अडचण असते. इथे ते खाली उतरतच नाही. असे रुग्ण रात्री कळ असह्य झाली की आपणहून पाय खाटेखाली सोडून बसतात, कारण तेवढ्यानेही थोडं रक्त उतरतं. त्यांना पाय उशीवर ठेवायला लावणं म्हणजे छळच. घट्ट मोजेही डॉक्टरांना न विचारता चढवू नयेत.

आता 'धंदा'. जगातली पहिली अँजिओप्लास्टी हृदयाची नव्हती, पायाची होती. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेत पोर्टलंडला डॉ. चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या बाईंच्या मांडीतली धमनी रुंदावली. बोटांना गँगरीन होतं, म्हणजे ती सडत होती, डॉक्टरांनी पाय कापायला सांगितलं होतं, आणि बाईंनी साफ नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. हृदयाची अँजिओप्लास्टी त्यानंतर 13 वर्षांनी, 1977 साली झाली. उघडलेली धमनी पुन्हा बंद होऊ शकते, हे खरं. काहींना स्वतःचीच शीर वापरून बायपास करावा लागतो. पण बरेच जण काळी बोटं घेऊनच दवाखान्यात येतात. मेलेलं बोट कोणीच जिवंत करू शकत नाही. रक्तपुरवठा सुरू करून दिला तर काप बोटापुरता राहू शकतो. आणि सडलेल्या पायातलं विष अंगात भिनू लागलं, तर कापणं हाच जीव वाचवण्याचा उपाय असतो.

एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तंबाखूचा उल्लेखही नाही, याचा मला खरा राग येतो. विडी ओढणाऱ्या तरुणांना बर्गरचा आजार होतो, म्हणजे हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद पडतात, त्यात विशी-तिशीत बोटं झडतात. तिथे तंबाखू पूर्ण सोडणं हाच खरा इलाज आहे. मळलेली तंबाखूही चालत नाही. चालण्याचाही उल्लेख नाही. जखम नसेल आणि फक्त चालताना पोटरी भरून येत असेल, तर दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून तीनदा, 30 ते 45 मिनिटं, किमान 12 आठवडे. यासाठी खर्च काहीच नाही.

पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर मात्र काही करून बघायला वेळच नसतो. साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात; थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि पाय कापण्याच्या कागदावर सही मागितली, तर दोन प्रश्न विचारा: डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफी (धमनी कुठे बंद आहे हे दाखवणाऱ्या तपासण्या) झाली का, आणि व्हॅस्क्युलर सर्जनने, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाने, पाय पाहिला का?