चिकूची ड्राय बाल्कनी

एकोणिसाव्या मजल्यावरच्या कुत्र्याला लघवी लागली, तर मातीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे मी एकदा घड्याळ लावून पाहिले. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत सकाळी पावणेआठला शाळेची मुले, ऑफिसला निघालेली माणसे आणि कचऱ्याचे डबे हे सगळे एकाच वेळी लिफ्टपाशी जमते. आमच्या दारापासून मागच्या झाडांच्या पट्ट्यापर्यंत अकरा मिनिटे लागली. झोपेतून नुकत्याच उठलेल्या शिह त्झू या लहान जातीच्या पिल्लाला अकरा मिनिटे धीर धरवत नाही. आमची चिकू त्या वयात दोनदा लिफ्टमध्येच बसली आणि दोन्ही वेळा ते सफाईच्या मावशींना पुसावे लागले, याची मला आजही लाज वाटते.

कुत्र्याला घरातच शी-शूची जागा शिकवण्याला अनेक जण आळशीपणा म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एक तास अधिक, एवढाच वेळ ते लघवी धरू शकते असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला फार तर चार तास, आणि तेही ते निवांत झोपलेले असेल तर. लहान जातींचे मूत्राशयच लहान, त्यामुळे त्यांच्याकडून याहूनही कमी अपेक्षा ठेवावी. शिवाय पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना सुरू होऊन शेवटची साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या करणाऱ्या पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली सोडू नका असे डॉक्टर सांगतात, आणि त्याच काळात ते कुठे बसायचे ते शिकत असते. मग ते घरात नाही शिकणार तर कुठे शिकणार?

आम्ही मात्र आधी हे केले नाही. चिकू वर्षाची झाली, माझे ऐरोलीचे ऑफिस पूर्ण वेळ सुरू झाले, सासूबाई दोन महिने गावी गेल्या, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती घरात एकटी राहू लागली. ती घर घाण करत नाही, याचे आम्ही कौतुक करत होतो. एका संध्याकाळी खाली गेल्यावर ती एकाच जागी चार वेळा बसली, प्रत्येक वेळी दोन-चार थेंब पडले आणि ते गुलाबी होते. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. तासन्‌तास लघवी अडवून ठेवल्याने त्याची शक्यता वाढते आणि शिह त्झूमध्ये मुतखड्याची प्रवृत्ती मुळातच असते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. सोनोग्राफीत खडा नव्हता, एवढे आमचे नशीब. ज्याला आम्ही शहाणपणा समजत होतो, तो तिने आमच्यासाठी रोज दहा तास सोसलेला त्रास होता.

त्यानंतर आम्ही जागा ठरवली, ती स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन आहे, नळ आहे, पाणी जायला जाळी आहे आणि फरशीला उतार आहे. ठाण्या-नवी मुंबईतल्या नव्या फ्लॅटमध्ये ही जागा बहुधा असतेच. तिचे खाणे-पिणे आणि झोपणे दुसऱ्या टोकाला ठेवले, कारण जिथे जेवायचे आणि निजायचे ती जागा कुत्रा शक्यतो खराब करत नाही. बाजारात मिळणारे शोषक पॅड आधी वापरून पाहिले. पायाखाली मऊ, चौकोनी, कापडासारखे काही लागले की तिथे बसायचे, असे ती त्यावरून शिकली, आणि साहजिकच बाथरूमबाहेरचे पायपुसणेही तिला तसेच वाटले. चूक तिची नव्हती. कुत्रा पायाखालच्या स्पर्शावरून जागा ओळखतो. मग घरातली सगळी पायपुसणी दीड महिना उचलून ठेवली आणि पॅडऐवजी कृत्रिम गवताचा ट्रे आणला, कारण गवताचा स्पर्श घरात दुसरीकडे कुठेही नाही. नर कुत्रा पाय वर करू लागला असेल, तर ट्रेमध्ये एक उभा खांब लागतो.

पुढचे काम वेळेचे आहे. उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत आणि खेळ संपला की लगेच तिला गवतावर न्यायचे, गप्प उभे राहायचे आणि ती बसू लागली की एकच शब्द, हळू आवाजात, ‘शू कर’. नाक जमिनीला लावून ती गोल फिरू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मागचे पाय किंचित वाकतात. हा क्षण एकदा ओळखता आला की निम्मे काम झाले. शू करून उठताक्षणी, तिथेच, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा. बक्षीस स्वयंपाकघरात आणून दिले, तर ते स्वयंपाकघरात आल्याबद्दल मिळाले असे ती समजते.

पहिल्या आठवड्यात मी एकदा तिच्यावर जोरात ओरडले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, मुलं लहान असताना दर दोन तासांनी उठत होतोच ना आपण? मग हिच्यावर कशाला चिडतेस?’’ त्यांचे शंभर टक्के खरे होते. शू केलेल्या जागी कुत्र्याचे नाक घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणे, हे प्रकार आपल्याकडे अजून सर्रास चालतात आणि ते बंद व्हायला हवेत. कुत्र्याला त्यातून जागा कळत नाही, माणसासमोर बसणे धोक्याचे आहे एवढेच कळते, आणि मग तो सोफ्यामागे जाऊन बसू लागतो. शिकलेला कुत्रा अचानक चुकू लागला, तर रागावण्याआधी लघवीची तपासणी करून घ्यावी.

चुकून झालेल्या जागेवर फिनाईल ओतू नये. आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याला तो येतच राहतो आणि कुत्रा पुन्हा तिथेच जातो. शिवाय पंजे चाटताना फिनाईल पोटात जाणे घातक आहे. आधी कागदाने टिपून घ्यावे, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारे एन्झाइमचे क्लीनर टाइलच्या सांधीत मुरू द्यावे.

ट्रे आला म्हणून फिरवणे बंद करणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. बाहेर जाणे हे केवळ पोट मोकळे करण्यासाठी नसते, झाडाझाडाचा वास घेणे ही कुत्र्याची गरज आहे. घरात शिकलेला कुत्रा बाहेर बसत नाही, हा समजही आमच्याबाबतीत खोटा ठरला. सुरुवातीचे चार दिवस गवताचा वापरलेला छोटा तुकडा खाली नेला आणि आता चिकूला दोन्हीकडे जमते. संध्याकाळी आम्ही उपवन तलावावर जातोच, पण दुपारी तिला कुणाची वाट पाहत दाराशी बसावे लागत नाही.

ज्यांना हे सुरू करायचे आहे त्यांना एकच व्यावहारिक सूचना करते. ट्रेवर रोज पाणी ओतावेच लागते आणि दर रविवारी गवत साबणाने धुवावे लागते. जुलैत ते दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या गवतावर चिकू पाय ठेवत नाही, म्हणून सुरुवातीलाच गवताचे दोन तुकडे घ्यावेत.